लाईट आली की पत्ता बदलतो: होस्ट्स फाइल स्क्रिप्टनं सांभाळताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर समजला का हे तुम्हाला कळेल. नांदेडच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं आणि त्यांच्याच डाळमिलचं कॉम्प्युटरचं काम तुम्ही बघता. १० वजनकाटे आहेत आणि प्रत्येकाला एक रास्पबेरी पाय, म्हणजे हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, जोडलेला आहे (पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हणतो). बिलाचे ३ कॉम्प्युटर विंडोजवर आहेत आणि उबुंटूचा एक सर्व्हर आहे. बिलाचं सॉफ्टवेअर सर्व्हरवरून चालतं आणि काट्याला नावानं हाक मारतं: काटा१, काटा२ असं. मशीनचे जाळ्यातले पत्ते (आयपी आकडे) साधा राउटर आपोआप वाटतो. दुपारी लाईट जाते, परत येते आणि काही मशीनचे पत्ते बदलतात. म्हणून तुम्ही प्रत्येक पायवर एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, ठेवलीत. ती स्वतःचा पत्ता सर्व्हरला कळवते आणि सर्व्हर होस्ट्स फाइलीतली, म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता कुठला या यादीतली, ओळ सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेनं बदलतो. महिनाभर हे नीट चाललं. आता मात्र कधीकधी काटा१० च्या पट्टीवर काटा१ चं वजन येतं. तुम्ही विचारलंत, 'स्क्रिप्टमध्ये नेमकं चुकलं कुठं आणि हे पक्कं कसं करायचं?'

चूक सापडली आहे, तीच आधी सांगतो. इथं मी नावं देवनागरीत लिहितोय. फाइलीत ती रोमन लिपीतच ठेवा.

तुमची सेडची ओळ म्हणते की ओळीच्या सुरुवातीपासून 'काटा१' या अक्षरांपर्यंत जे काही असेल ते काढ आणि तिथं नवा पत्ता व 'काटा१' लिही. आता फाइलीत या दोन ओळी आहेत असं धरा:

१९२.१६८.१.२१ काटा१
१९२.१६८.१.३४ काटा१०

काटा१ ला नवा पत्ता मिळाला, शेवटचा आकडा २७. सेडला 'काटा१' ही अक्षरं दोन्ही ओळींत सापडतात, कारण 'काटा१०' ची सुरुवातही 'काटा१' नंच होते. दुसऱ्या ओळीतला मागचा शून्य तेवढा जागेवर राहतो. फाइल अशी होते:

१९२.१६८.१.२७ काटा१
१९२.१६८.१.२७ काटा१०

झालं. दोन नावं एकाच काट्याकडे बोट दाखवतात. काटा१० चा पाय पुढच्या वेळी स्वतःचा पत्ता कळवेपर्यंत हे असंच राहतं, म्हणूनच तुम्हाला हा दोष 'कधीकधी' दिसतो. सगळी मशीनं एकदम चालू झाली तर शेवटी कोण कळवतो यावर सगळं अवलंबून असतं. काटा१० शेवटी आला तर फाइल बरोबर दिसते, काटा१ शेवटी आला तर चुकते.

यावर नेट शोधलं तर उत्तर मिळेल की सेडमध्ये शब्दाची सीमा दाखवणारी खूण वापरा. तिनं काटा१० वाचेल, पण उद्या तुम्ही 'काटा१-जुना' असं नाव ठेवलंत की पुन्हा तेच होईल, कारण सेडच्या लेखी आडवी रेघ म्हणजे शब्द संपला. शिवाय त्याच ओळीत आणखी तीन खड्डे आहेत. काटा१ ची ओळ फाइलीत नसेलच, तर सेड काहीही बदलत नाही आणि तरी 'काम झालं' असाच निकाल देतो. पत्त्याचं व्हेरिएबल रिकामं आलं, तर नुसतं नाव उरतं आणि पत्ता गायब होतो. आणि तुम्ही कधी टीप म्हणून पाउंडची खूण (#) टाकून 'काटा१ जुनी जागा' असं लिहून ठेवलं असेल, तर त्या टिपेतली खूणही पुसली जाते आणि टीप चालती ओळ बनते. नमुना जुळवून बदल करण्याची पद्धतच या कामाला बसत नाही. होस्ट्स फाइल स्तंभांची आहे, म्हणून ती स्तंभ मोजणाऱ्या ऑक या आज्ञेनं हाताळा. 'दुसरा स्तंभ नेमका काटा१ इतकाच आहे का' हे ऑक विचारू शकतो आणि तिथं काटा१० अडकत नाही.

मात्र नुसतं सेड काढून ऑक लावलंत तरी खरा धोका जात नाही, आणि माझं सगळं म्हणणं या धोक्याबद्दल आहे. काटा४ चा पाय बंद पडला, समजा. तो काहीच कळवत नाही, म्हणून त्याची जुनी ओळ फाइलीत तशीच राहते. राउटरनं त्याचा पत्ता मोकळा झाला असं समजून तो काटा७ ला दिला. आता काटा४ आणि काटा७ ही दोन्ही नावं काटा७ कडे जातात. या वेळी स्क्रिप्टमध्ये एकही चूक नाही! नाव सापडलं नाही तर बिल थांबतं, माणूस ओरडतो, तुम्हाला फोन येतो. नाव चुकीचं सापडलं तर बिल निघतं. सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याच्या पोत्यांचं वजन छापलं जातं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून या फाइलीचा नियम असा धरा: शिळी ओळ असण्यापेक्षा ओळ नसलेली बरी.

आता पत्ते मुळात का बदलतात ते बघू, कारण उपाय तिथंच आहे. आपोआप पत्ता देण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ मध्ये तिचा पहिला मसुदा आला आणि आज चालतो तो मुख्यतः १९९७ चा. मशीन जाळ्यावर आल्यावर मोठ्यानं विचारतं, 'कुणी पत्ता देतं का?' देणारा म्हणतो, 'हा घे.' मशीन म्हणतं, 'हाच हवा.' देणारा शिक्का मारतो. पत्ता कायमचा नसतो, मुदतीवर दिलेला असतो. मुदत निम्मी सरली की मशीन ती वाढवून मागतं. हे सगळं शांतपणे चालत असताना पत्ता सहसा बदलत नाही. गडबड होते ती लाईट गेल्यावर. बहुतेक स्वस्त राउटर कुणाला कुठला पत्ता दिला याची वही रॅममध्ये ठेवतात. वीज गेली की वही कोरी. परत आल्यावर काही मशीनं 'माझा जुनाच पत्ता द्या' म्हणतात, काही नव्यानं मागतात, आणि जो आधी उठतो त्याला आधी मिळतं. पाय एका मिनिटात उठतो, जुना विंडोजचा कॉम्प्युटर तीन मिनिटं घेतो. तुमच्याकडचा गोंधळ असा होतो.

म्हणून पहिलं काम स्क्रिप्टचं नाही. राउटरच्या पानावर जाऊन पत्ता राखून ठेवण्याची सोय आहे का बघा. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कारखान्यातून आलेली कार्डाची ओळख) आणि त्याला द्यायचा आकडा अशी जोडी तिथं लिहिता येते. ही जोडी सेटिंगमध्ये साठवली जाते, लाईट गेली तरी पुसली जात नाही. १० काटे, सर्व्हर आणि प्रिंटर यांच्यासाठी ती अर्ध्या तासात लिहून होईल. जे मशीन दुसऱ्यांनी शोधायचं असतं त्याचा पत्ता राखीव असावा, जे फक्त स्वतः दुसऱ्यांकडे जातं त्याला कुठलाही चालेल. ही सोय असेल तर तुमच्या निम्म्याहून जास्त डोकेदुखीला स्क्रिप्ट लागणारच नाही. एक खबरदारी घ्या: पाय वायफायवर आणि तारेवर वेगवेगळा मॅक दाखवतो. ज्या मार्गानं जोडला असेल त्याचाच लिहा.

राउटर ही सोय देत नसेल, तर पत्ते वाटण्याचं काम सर्व्हरकडे घ्या. डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम उबुंटूवर एका आज्ञेत बसतो आणि पत्तेही वाटतो, नावंही सांगतो. पण राउटरमधलं वाटप बंद केल्याशिवाय तो चालू करू नका. एका जाळ्यात पत्ते वाटणारे दोन असले की जो आधी बोलेल त्याचं मशीन ऐकतं, आणि तो दोष शोधता शोधता दिवस जातो. सर्व्हर यूपीएसवर आहे ना, याचीही खात्री करा. राउटर आणि स्विच हेही त्याच यूपीएसवर घ्या. ही दोन्ही खोकी मिळून फार थोडी वीज खातात, तरी मी पाहिलेल्या बहुतेक दुकानांत ती थेट भिंतीच्या बोर्डावर असतात.

डीएनएसमास्क आला की तुम्हाला एक विश्वासाची वही मिळते. उबुंटूवर ती व्हार, लिब, मिस्क या वाटेनं गेल्यावर सापडते. तिच्यात दर ओळीला पाच स्तंभ असतात: मुदत कधी संपते तो सेकंदांतला आकडा, मॅक, दिलेला पत्ता, मशीननं स्वतः सांगितलेलं नाव आणि ग्राहकाची ओळख. चौथ्या स्तंभावर भिस्त ठेवू नका. १० पाय एकाच कार्डावरून नक्कल करून बनवले असतील तर दहाही जण आपलं नाव 'रास्पबेरीपाय' असंच सांगतात, आणि ज्यानं नाव सांगितलं नाही त्याच्या जागी नुसती चांदणी असते. तुमची स्वतःची एक छोटी फाइल ठेवा, दोन स्तंभांची: मॅक आणि नाव. कुठला पाय कुठल्या काट्याला लावलाय हे फक्त तुम्हालाच माहीत आहे, म्हणून ते तुमच्याच हातानं लिहिलेलं असावं.

स्क्रिप्ट मग अशी होते. होस्ट्स फाइलीत स्वतःसाठी एक कुंपण आखा: पाउंडच्या खुणेनं सुरू होणारी 'मोंढा सुरू' अशी एक ओळ आणि 'मोंढा समाप्त' अशी दुसरी. या दोन ओळींच्या बाहेर स्क्रिप्टनं कधीही हात लावायचा नाही, आणि आतलं एकही अक्षर माणसानं लिहायचं नाही. दर वेळी आतला भाग पूर्ण नव्यानं बनवायचा. जुनं शोधून बदलण्याचा प्रश्नच राहत नाही आणि काटा४ वहीत नसेल तर त्याची ओळ आपोआप नाहीशी होते. वरचा नियम असा पाळला जातो.

नवी फाइल बनवायला दोन ऑक पुरतात. पहिला जुनी होस्ट्स फाइल वाचतो आणि कुंपणाच्या आतलं सोडून बाकी सगळं जसंच्या तसं देतो. दुसरा तुमची मॅक-नावाची फाइल आधी वाचून लक्षात ठेवतो, मग वही वाचतो आणि जिथं मॅक जुळेल तिथं पत्ता व नाव लिहितो. ऑकमध्ये 'पहिली फाइल चालू आहे का' हे ओळखायला एकूण ओळींचा आकडा आणि या फाइलीतल्या ओळींचा आकडा सारखे आहेत का ते बघतात. या युक्तीत एक फट आहे. पहिली फाइल रिकामी असेल तर ऑक दुसरीलाच पहिली समजतो. त्यामुळे आधी फाइल रिकामी नाही ना ते तपासा, रिकामी असेल तर काहीही न बदलता थांबा.

मॅक जुळवताना दोन ठिकाणी ठेच लागते. विंडोजवरून उतरवलेला मॅक मोठ्या अक्षरांत आणि आडव्या रेघांनी येतो, वहीत तो छोट्या अक्षरांत आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनी असतो. टीआर या आज्ञेनं दोन्ही बाजू एकाच रूपात आणा. दुसरी ठेच डोळ्यांना दिसत नाही. नावांची फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून जतन केली तर ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर बसू शकतं. ते पडद्यावर दिसत नाही, पण नावाला चिकटतं, आणि मग 'काटा३' टाइप केलं तरी काटा३ सापडत नाही. कॅट आज्ञेला मोठा ए हा पर्याय देऊन बघा, शेवटी टोपी आणि एम अशी जोडी दिसली तर तेच झालंय. तेही टीआरनंच काढा.

लिहिलेली फाइल जागेवर नेण्याची पायरी बहुतेक जण घाईत उरकतात. मी इथंच जास्त वेळ घालवतो.

ज्या फाइलीतून वाचताय तिच्यातच त्याच ओळीत बाण दाखवून लिहू नका. शेल ऑक सुरू करण्याआधीच ती फाइल रिकामी करतो, म्हणजे ऑकला वाचायला काही उरतच नाही. एमकेटेम्पनं तात्पुरती फाइल बनवा आणि होस्ट्स फाइल असते त्या इटीसी डिरेक्टरीतच ती बनवा, टेम्पमध्ये नको. एकाच फाइल सिस्टिमवर एमव्ही (फाइल हलवण्याची आज्ञा) म्हणजे फक्त नावाची अदलाबदल असते. ती एका झटक्यात होते, वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी. टेम्प वेगळ्या फाइल सिस्टिमवर असेल तर एमव्ही आतून प्रत काढतो आणि मध्येच लाईट गेली तर अर्धी फाइल राहते. एमव्हीच्या आधी सिंक चालवा, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरलेला असेल.

आणि सीएचमॉड, म्हणजे फाइलीची परवानगी बदलणारी आज्ञा, विसरू नका. लातूरला एका पतसंस्थेच्या शाखेत मी हेच विसरलो होतो. एमकेटेम्प बनवतो ती फाइल फक्त मालकाला वाचता येते, परवानगी ६००. मी ती तशीच होस्ट्सच्या जागी नेली. रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिननं, तपासलं, सगळी नावं सापडत होती, मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर एकाही कर्मचाऱ्याला सर्व्हर सापडेना. त्यांच्या लॉगिनला होस्ट्स फाइल उघडताच येत नव्हती, म्हणून त्यांचं मशीन नाव बाहेरच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारत होतं आणि 'असं नाव नाही' असं उत्तर मिळत होतं. बँकेसारखं काम, बाहेर रांग. परवानगी ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी, केली आणि दोन सेकंदांत सुटलं, पण ते सापडायला दीड तास गेला, कारण मी पुन्हा पुन्हा रूट म्हणूनच तपासत होतो. तेव्हापासून मी अशा स्क्रिप्टची तपासणी नेहमी साध्या वापरकर्त्याच्या लॉगिनमधून करतो.

एमव्हीच्या आधी नव्या फाइलीची झडती घ्या. १२७.०.०.१ आणि लोकलहोस्ट ही ओळ आहे का? मशीनच्या स्वतःच्या नावाची ओळ आहे का? डेबियन आणि उबुंटूत ती बहुधा १२७.०.१.१ वर असते आणि ती गेली की सुडो (रूटच्या अधिकारानं आज्ञा चालवणारा प्रोग्राम) दर वेळी 'होस्टचं नाव सापडत नाही' अशी तक्रार करतं. कुंपणातला प्रत्येक पत्ता तुमच्या जाळ्यातला, म्हणजे १९२.१६८.१ नं सुरू होणारा आहे का? एकच पत्ता दोन नावांना गेलाय का? यातलं एकही उत्तर चुकलं तर जुनी फाइल जशी आहे तशी ठेवून लॉगरनं नोंद करा आणि बाहेर पडा. तपासणीत काही वेगळं आढळलं नाही आणि फाइली ताडून बघणारा सीएमपी म्हणाला की नवी व जुनी फाइल एकसारखी आहे, तर लिहूच नका. पायवर हीच पद्धत वापराल तेव्हा याचं महत्त्व कळेल: मेमरी कार्डावर लिहीत असताना लाईट गेली तर कार्डच बिघडू शकतं. जितकं कमी लिहाल तितकं बरं.

पायनं स्वतःचा पत्ता ओळखण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. वही सर्व्हरवर आली की याची गरज उरत नाही, पण थोडक्यात सांगतो. इफकॉन्फिग या आज्ञेच्या मजकुरातून ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेनं पत्ता काढणं सोडा. त्याचा मजकूर आवृत्तीनुसार बदलला आहे आणि नव्या डेबियनमध्ये तो मुळात बसवलेलाच नसतो. होस्टनेमला मोठा आय दिला तर सगळे पत्ते येतात, पण कुठल्या क्रमानं याची हमी नाही. डॉकर हा प्रोग्राम बसवलेला असेल तर १७२.१७ चा पत्ताही त्यात येतो. 'आयपी रूट गेट' ला सर्व्हरचा पत्ता देऊन विचारा, म्हणजे सर्व्हरकडे जाताना आपण कुठल्या पत्त्यानं जातो ते नेमकं कळतं. उत्तर १६९.२५४ नं सुरू होत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही, मशीननं स्वतःच काहीतरी धरून घेतलंय. तो कुणालाही कळवू नका.

स्क्रिप्ट कधी चालवायची? दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) हा सगळ्यांच्या मनात पहिला येणारा मार्ग आहे आणि तो वाईटही नाही, फक्त मिनिटभराची फट राहते. मोंढ्यात मिनिटभरात दोन पट्ट्या निघतात. डीएनएसमास्कला सांगता येतं की पत्ता दिला, बदलला किंवा काढून घेतला की ही स्क्रिप्ट चालव. तो स्क्रिप्टला काय घडलं, कुठला मॅक, कुठला पत्ता आणि कुठलं नाव हे क्रमानं देतो. माझा सल्ला: ते बाजूला ठेवा, त्या हाकेचा उपयोग फक्त जागं होण्यासाठी करा आणि आतला भाग वहीवरून पूर्ण नव्यानंच बनवा. एक अडचण येईल. डीएनएसमास्क स्क्रिप्टला हाक मारतो त्या क्षणी वही डिस्कवर ताजी झालेली असेलच असं धरून चालू नका. स्क्रिप्टनं दोन सेकंद थांबून वाचावं आणि शिवाय दर पाच मिनिटांनी क्रॉनमधूनही चालावं, म्हणजे एखादी हाक चुकली तरी भरून निघेल. लाईट आल्यावर १० हाका एकदम येतात, म्हणून फ्लॉकनं कुलूप लावा. एकाच वेळी दोन स्क्रिप्टा त्या फाइलीत असता कामा नयेत. क्रॉनमध्ये आज्ञांचा पूर्ण मार्ग लिहा, कारण तुमच्या लॉगिनला जे मार्ग आपोआप सापडतात त्यातले फार थोडे क्रॉनला माहीत असतात.

पायवर काही चालवायचंच असेल तर त्यावर कोणती प्रणाली आहे ते बघा. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय जाळ्याशी जोडून घ्यायला नेटवर्क मॅनेजर वापरतो, त्याआधी डीएचसीपीसीडी होता. नेटवर्क मॅनेजरच्या डिस्पॅचर डिरेक्टरीत स्क्रिप्ट ठेवली की पत्ता बदलला तेव्हा ती चालते. पण ती रूटच्या मालकीची हवी आणि दुसऱ्या कुणाला लिहिता येणारी नको, नाहीतर तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पत्ता मागणाऱ्या जुन्या डीएचक्लायंट प्रोग्रामच्या हुकमध्ये (तो आपोआप वाचतो त्या तुमच्या स्क्रिप्टमध्ये) 'एक्झिट' लिहू नका. ती स्क्रिप्ट वेगळी चालत नाही, मूळ स्क्रिप्टच्या पोटात वाचली जाते, आणि तुमच्या एक्झिटनं मूळच बंद पडते.

विंडोजच्या तीन कॉम्प्युटरांवर होस्ट्स फाइल असते, सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या आत इटीसीत. तिला हात लावू नका. डीएनएसमास्क सर्व्हरची होस्ट्स फाइल वाचतो आणि जाळ्यातल्या सगळ्यांना तिच्यातली नावं सांगतो. पत्ता देतानाच 'नावं मला विचारा' हेही तो कळवतो. फाइल बदलल्यावर त्याला हँगअपचा सिग्नल पाठवला की तो ती पुन्हा वाचतो, स्क्रिप्टची शेवटची ओळ हीच असू द्या. म्हणजे होस्ट्स फाइल एकाच ठिकाणी राहते. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवरही एकच होस्ट्स फाइल होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि प्रत्येक जण तिची प्रत उतरवून घ्यायचा. मशीनं वाढली तशा प्रती शिळ्या पडू लागल्या आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. १४ मशीनच्या मोंढ्यातही अडचण तीच आहे: प्रती जितक्या जास्त, तितक्या शिळ्या ओळी जास्त.

आणखी एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन, ती तुमच्या प्रश्नात नाही. फक्त नावावर विसंबून वजन घेऊ नका. प्रत्येक पायनं वजनासोबत स्वतःचा काटा क्रमांकही पाठवावा, आणि बिलाच्या सॉफ्टवेअरनं 'मी काटा१० ला विचारलं, उत्तर काटा१० नंच दिलं का' हे तपासून मगच पट्टी छापावी. पायकडून दोन ओळींचं काम आहे. मग होस्ट्स फाइल कितीही बिघडली तरी पट्टी थांबेल, चुकीची निघणार नाही.

तपासणी करताना डिग किंवा एनएसलुकअप वापरून फसू नका, ते होस्ट्स फाइल वाचतच नाहीत, थेट डीएनएसला विचारतात. सर्व्हरवर 'गेटएन्ट होस्ट्स' लावून बघा, तो बाकीचे प्रोग्राम ज्या वाटेनं जातात त्याच वाटेनं जातो. मोंढा बंद झाल्यावर एका संध्याकाळी स्विचची वीज काढा, १० पाय बंद करा आणि उलट्या क्रमानं चालू करा: काटा१० आधी, काटा१ शेवटी. तुमच्या जुन्या स्क्रिप्टला सगळ्यात वाईट पडणारा क्रम तोच आहे. मग काटा४ ची तार काढून ठेवा आणि त्याची मुदत संपल्यावर नाव खरंच नाहीसं होतं का ते बघा. चाचणीपुरती मुदत दोन मिनिटांची ठेवा, डीएनएसमास्कला त्याहून कमी चालत नाही.

आणि झालेल्या पट्ट्यांचं. काटा१ च्या पायवर 'लास्ट रीबूट' ही आज्ञा चालवा, महिनाभरात तो कोणकोणत्या वेळी पुन्हा चालू झाला ते कळेल. पायमध्ये सहसा घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून या वेळा नेमक्या असतीलच असं धरू नका. त्या प्रत्येक वेळेपासून काटा१० चा पाय पुढच्या वेळी चालू होईपर्यंतच्या काटा१० च्या सगळ्या पट्ट्या वेगळ्या काढा आणि त्याच वेळेच्या काटा१ च्या वजनांशी ताडून बघा. जिथं आकडा किलोपर्यंत तंतोतंत जुळतो तिथं हीच चूक झाली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती यादी मालकांकडे द्या, त्यात शेतकऱ्यांची नावं आहेतच.